डोळे बसणाऱ्याचे, हात चित्रकाराचे

सिसिली बेटावरच्या पालेर्मो बंदरात १६२४ साली प्लेग शिरला, तेव्हा अँटवर्पहून आलेला पंचविशीतला एक चित्रकार त्या शहरात होता. सिसिलीवर स्पेनचा अंमल होता. स्पेनच्या राजाचा तिथला प्रतिनिधी, सव्हॉय घराण्यातला इमॅन्युएल फिलिबर्तो, याने स्वतःचं चित्र काढून घेण्यासाठी त्याला बोलावलं होतं. चित्र पूर्ण झालं. त्यात नक्षीदार चिलखत, रुंद कॉलर आणि शांत, अधिकारी नजर दिसते. ऑगस्टच्या सुरुवातीला हा राजप्रतिनिधी प्लेगला बळी पडला. ते चित्र आज लंडनच्या डलिच पिक्चर गॅलरीत आहे.

त्याच उन्हाळ्यात शहराबाहेरच्या पेलेग्रिनो डोंगरातल्या गुहेत काही अस्थी सापडल्या. बाराव्या शतकात तिथे एकांतवासात राहिलेल्या रोझालिया या संन्यासिनीच्या त्या आहेत, असं लोकांनी मानलं. साथीने हवालदिल झालेल्या शहराने तिला आपली तारणहार केलं आणि घरोघरी तिच्या चित्रांची मागणी होऊ लागली. या तरुण चित्रकाराने रोझालिया पुन्हा पुन्हा रंगवली. खांद्यावर मोकळे सोडलेले सोनेरी केस, तपकिरी जाडंभरडं वस्त्र, भोवती गुलाब, जवळ एक कवटी. तिचं हे रूप पुढे रूढ झालं ते मुख्यतः त्याच्या चित्रांमुळे. यातलं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १८७१ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर वर्षभरात विकत घेतलं. त्यात रोझालिया ढगांवरून वर जाते आहे आणि खाली बंदर आणि तोच डोंगर दिसतो. क्ष-किरणांनी तपासल्यावर या रंगाच्या थराखाली आणखी एक चेहरा आढळला. चित्रकाराने स्वतःचं व्यक्तिचित्र सुरू केलं होतं आणि त्यावरच संत रोझालिया रंगवली होती.

हा चित्रकार अँथनी व्हॅन डाइक. जगाला तो आठवतो तो इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि त्याचे रेशमी कपड्यांतले उमराव रंगवणारा दरबारी चित्रकार म्हणून. त्याची धर्मचित्रं मात्र बहुतेक पुस्तकांत एखाद्या परिच्छेदात उरकलेली असतात. मला हे मोठं नुकसान वाटतं, कारण व्हॅन डाइकची व्यक्तिचित्रं इतकी जिवंत का वाटतात याचं उत्तर त्याच्या धर्मचित्रांत आहे. त्या पालेर्मोच्या कॅनव्हासवर चेहरा आणि संत एकावर एक आले, तसेच ते त्याच्या सगळ्या कामात एकमेकांत मुरलेले आहेत.

व्हॅन डाइकचा जन्म २२ मार्च १५९९ रोजी अँटवर्पला झाला. वडील फ्रान्स कापडाचे आणि रेशमाचे व्यापारी होते, आई मारिया भरतकामासाठी नावाजलेली होती. बारा भावंडांत तो सातवा. तो आठ वर्षांचा असताना आई गेली. घर अतिशय धार्मिक होतं. पुढे त्याच्या काही बहिणींनी धार्मिक जीवन पत्करलं आणि एक भाऊ धर्मगुरू झाला. रेशमाचे तागे आणि प्रार्थना यांच्यात वाढलेल्या मुलाच्या हातून जे घडायचं, तेच घडलं असं आज मागे वळून पाहताना वाटतं. रेशमावर उजेड कसा घसरतो हे त्याच्याइतकं अचूक फार थोड्या चित्रकारांना साधलं.

शहराची परिस्थितीही समजून घ्यायला हवी. १५६६ मध्ये प्रॉटेस्टंट जमावांनी अँटवर्पच्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली, जाळली. १५८५ मध्ये स्पॅनिश सैन्याने शहर पुन्हा जिंकलं, हजारो प्रॉटेस्टंट उत्तरेकडे निघून गेले आणि अँटवर्प पक्कं कॅथलिक शहर झालं. रिकाम्या वेद्यांवर आता चित्रं हवी होती. वेदीमागच्या भिंतीवर लावलेलं मोठं चित्र, म्हणजे वेदीचित्र, हे निरक्षर भाविकांपर्यंत धर्मकथा पोहोचवण्याचं सर्वांत प्रभावी साधन आहे, असं चर्चचं मत होतं. १६०९ ते १६२१ या काळात डच प्रांतांशी युद्धविराम झाला आणि मठ, धर्मसंघ, व्यापारी सगळेच चित्रांवर खर्च करू लागले. छपाईसाठीही हे शहर प्रसिद्ध होतं. गोव्याहून निघालेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराला भेट दिलेलं अनेक भाषांतलं बायबल अँटवर्पच्याच प्लाँटिन छापखान्यातलं होतं, आणि त्यातल्या खोदचित्रांनी मुघल चित्रकारांना नवं काही दाखवलं.

अशा शहरात व्हॅन डाइक दहाव्या वर्षी हेंड्रिक व्हॅन बालेन यांच्याकडे शिकायला लागला आणि फेब्रुवारी १६१८ मध्ये, वयाची एकोणीस वर्षं पूर्ण होण्याआधीच, संत ल्यूकच्या नावाने चालणाऱ्या चित्रकारांच्या गिल्डमध्ये उस्ताद म्हणून दाखल झाला. त्याच सुमारास तो पीटर पॉल रूबेन्सच्या कामात हातभार लावू लागला. रूबेन्स तेव्हा उत्तर युरोपातला सर्वांत मोठा चित्रकार होता. २९ मार्च १६२० रोजी अँटवर्पच्या जेझुइटांनी त्याच्याशी नव्या चर्चच्या छतासाठी ३९ चित्रांचा करार केला. कच्चे आराखडे रूबेन्सने करायचे आणि मोठी चित्रं व्हॅन डाइक व इतर सहायकांनी रंगवायची, असं त्यात ठरलं. सहायकांपैकी व्हॅन डाइकचा उल्लेख करारात नावाने आला, यावरून त्याची पत कळते. १७१८ मध्ये वीज पडून ते छत जळालं आणि चित्रं गेली.

रूबेन्सची छाया त्याच्यावर पडली, पण दोघांचा स्वभाव वेगळा होता. रूबेन्सची माणसं शरीराने बोलतात. त्यांचे स्नायू, पोटऱ्या, वळलेल्या पाठी यांतून कथा पुढे सरकते. व्हॅन डाइकचं लक्ष चेहऱ्यावर आणि हातांवर असतं. अँटवर्पच्या संत पॉल चर्चमध्ये जपमाळेच्या पंधरा रहस्यांची चित्रमाला आहे, वेगवेगळ्या चित्रकारांनी केलेली. तिच्यातलं ‘क्रूस वाहणारा ख्रिस्त’ व्हॅन डाइकने साधारण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी रंगवलं आणि ते आजही तिथेच आहे. सैनिकांच्या धटिंगण देहांत रूबेन्सची शिकवण स्पष्ट दिसते. मात्र क्रुसाखाली वाकलेला ख्रिस्त मान वळवून आईकडे पाहतो, आणि सगळ्या गलक्यात त्या दोघांची नजर तेवढी चित्राचा गाभा होऊन बसते. या एका चित्रासाठी त्याने केलेली कितीतरी रेखाटनं शिल्लक आहेत. ती पाहिली की ही नजर सापडेपर्यंत तो मांडणी मोडत आणि पुन्हा जुळवत राहिला हे कळतं.

याच वर्षांतलं एक चित्र कॅनडात ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विषय आहे ‘लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या’ म्हणणारा ख्रिस्त. डावीकडे ख्रिस्त आणि त्याचे शिष्य, उजवीकडे एक फ्लेमिश आईबाप आपली मुलं घेऊन आलेत. त्यांचे चेहरे बायबलमधले नाहीत, अँटवर्पच्या एखाद्या सधन घरातले आहेत. कुटुंबाचं व्यक्तिचित्र आणि धर्मचित्र यांच्यामध्ये व्हॅन डाइकने भिंत ठेवलेलीच नाही. ख्रिस्ताचा हात एका मुलाच्या डोक्यावर आहे आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावर परक्या माणसासमोर उभं राहिल्याचा खरा बुजरेपणा आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं कॉर्नेलिस व्हॅन डेर गेस्ट या व्यापाऱ्याचं १६२० च्या सुमाराचं व्यक्तिचित्रही इथेच आठवावं. पांढरी चुणीदार कॉलर, त्यावर म्हातारा, तजेलदार चेहरा, आणि डोळे इतके ओले की आत्ता पापणी लवेल असं वाटतं. पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके बुबुळावर आणि खालच्या पापणीच्या कडेला ठेवून त्याने ते साधलं आहे. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने हे करावं, याचं मला आजही नवल वाटतं.

ऑक्टोबर १६२१ मध्ये तो इटलीला निघाला आणि सहा वर्षं तिथे राहिला. जिनोआ हे त्याचं मुख्य ठाणं. तिथल्या बँकर आणि व्यापारी घराण्यांनी त्याला भरपूर काम दिलं. दृष्टिबिंदू खाली ठेवायचा, पाठीमागे उंच खांब, समोर काळ्या रेशमातली सडपातळ आकृती. मग माणूस होता त्यापेक्षा दीडपट उंच भासतो. वॉशिंग्टनमधलं एलेना ग्रिमाल्दी हिचं १६२३ चं चित्र या पद्धतीचा कळस आहे. तिच्यावर लाल छत्री धरून एक आफ्रिकी सेवक चालतो. तिचा गोरेपणा आणि दिमाख खुलवण्यासाठी त्याला तिथे आणलं आहे, आणि जिनोआची ती श्रीमंती कुणाकुणाच्या श्रमावर उभी होती हेही ते चित्र आज आपल्याला सांगतं. त्या लाल छत्रीवरून नजर हलत नाही हे मात्र कबूल करायला हवं.

रोममध्ये त्याने कार्डिनल ग्विदो बेंतिवोलिओ यांना रंगवलं. फ्लोरेन्सच्या पित्ती राजवाड्यातलं हे चित्र धर्मपुरुषाचं असूनही त्यात धर्माचं एकही चिन्ह ठळक केलेलं नाही. लाल झग्यावर पांढरी झालर, हातात कागद, आणि काही ऐकून मान नुकतीच वळवलेला बुद्धिमान, थकलेला चेहरा. रोममधले इतर फ्लेमिश चित्रकार त्याच्यावर नाराज होते. तो त्यांच्याबरोबर दारूच्या गुत्त्यात बसत नसे, आणि पिसाची टोपी, सोन्याची साखळी, मागे नोकर अशा थाटात फिरत असे. इटालियन चरित्रकार बेल्लोरी याने हे नोंदवून ठेवलं आहे.

इटलीतली त्याची रेखाटनवही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात सर्वांत जास्त जागा व्हेनिसचा चित्रकार तिशियन याने व्यापली आहे. तिच्यातलंच एक पान मला फार मोलाचं वाटतं. १२ जुलै १६२४ रोजी, साथ सुरू असताना, तो पालेर्मोत सोफोनिस्बा आंग्विसोला यांना भेटला. सोळाव्या शतकातल्या या नामांकित चित्रकर्तीने स्पेनच्या दरबारात काम केलं होतं. आता त्या नव्वदीच्या पलीकडे होत्या आणि दृष्टी जवळजवळ गेली होती. व्हॅन डाइकने त्यांचं रेखाटन केलं आणि शेजारी इटालियनमध्ये नोंद लिहिली: स्मरणशक्ती तल्लख आहे, वागणं अगत्याचं आहे, चित्र नाकाजवळ धरलं की त्यांना थोडं दिसतं. आपलं चित्र काढताना उजेड फार वरून घेऊ नकोस, नाहीतर सुरकुत्यांतल्या सावल्या फार गडद होतील, असं त्यांनी त्याला बजावलं. शिवाय अनेक सूचना केल्या. साठ-सत्तर वर्षं माणसांचे चेहरे पाहिलेल्या बाईंनी आंधळेपणातही उजेडाचा कोन सांगावा आणि त्याने तो शिष्यासारखा लिहून घ्यावा, हे त्या पानावर आजही वाचता येतं. म्हाताऱ्या चेहऱ्यांकडे त्याने पुढे जो हळवेपणा दाखवला, त्यात या भेटीचा वाटा असावा असं मला वाटतं.

१६२७ मध्ये तो अँटवर्पला परतला. पुढची चार-पाच वर्षं त्याच्या धर्मचित्रांची सर्वांत समृद्ध वर्षं ठरली. गेंट, मेकलेन, डेंडरमोंडे, कोर्ट्रेक अशा गावांतून कामं आली. १६२८ मध्ये ऑगस्टिनियन संघाच्या अँटवर्पमधल्या चर्चसाठी त्याने ‘संत ऑगस्टीनची भावसमाधी’ रंगवलं. मोबदला ६०० गिल्डर होता. त्याच चर्चमध्ये रूबेन्स आणि योर्डान्स यांचीही चित्रं लागली, म्हणजे शहराचे तीन मोठे चित्रकार एका छपराखाली आले. या चित्रात ऑगस्टीन वर पाहतो, हात पसरतो आणि त्याचा तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी देवदूत त्याला सावरतात. स्वर्गाचं दर्शन झालेल्या माणसाचा अंगावरचा ताबा सुटतो, हे त्याने आधार घेणाऱ्या शरीरातून दाखवलं.

याच सुमारास तो जेझुइटांच्या एका बंधुसंघाचा सदस्य झाला. अविवाहित पुरुषांच्या या संघासाठी त्याने दोन मोठी चित्रं केली. एकात पालेर्मोची रोझालिया पुन्हा आली. दुसऱ्यात मरियेचं दर्शन झालेला हेरमान योसेफ हा भिक्षू आहे. जेझुइट संघ विसर्जित झाल्यावर ही दोन्ही चित्रं मारिया तेरेसाच्या काळात व्हिएन्नाला गेली आणि तिथल्या संग्रहालयात आहेत. हेरमान योसेफच्या चित्रात सगळं एका जागी येऊन थांबतं. गुडघ्यांवर बसलेल्या भिक्षूचा हात देवदूत हलकेच पुढे नेतो आणि मरियेचा हात त्याला भेटायला येतो. दोन हातांच्या बोटांमध्ये जेमतेम अंतर उरलं आहे, आणि चित्राची सगळी उत्कटता तिथे साठली आहे.

या काळातलं मला सर्वांत जवळचं चित्र १६२९ चं आहे. डिसेंबर १६२२ मध्ये, तो इटलीत असताना, त्याचे वडील वारले. आजारपणात त्यांची शुश्रूषा डॉमिनिकन धर्मभगिनींनी केली होती. त्यांच्या चर्चला मुलाने एक चित्र द्यावं, ही वडिलांची शेवटची इच्छा होती. व्हॅन डाइकने क्रुसावरचा ख्रिस्त, त्याच्या पायाशी संत डॉमिनिक आणि सिएनाची संत कॅथरीन असं चित्र रंगवलं. कॅथरीन क्रुसाला बिलगली आहे, डॉमिनिक हात पसरून वर पाहतो आहे. खाली एक शिळा, तिच्यावर एक बाल देवदूत, जवळ विझत आलेली मशाल. शिळेवर लॅटिनमध्ये कोरल्यासारखा मजकूर आहे. वडिलांच्या देहावर माती जड होऊ नये म्हणून अँथनी व्हॅन डाइकने ही शिळा क्रुसापाशी लोटत आणली आणि या जागेला दिली, असा त्याचा आशय. चित्र आता अँटवर्पच्या ललितकला संग्रहालयात आहे. राजाने दिलेला ‘सर’ हा किताब पुढे मिळायचा होता. इथे तो फक्त कुणाचा तरी मुलगा आहे.

कोर्ट्रेकच्या चर्चमधलं १६३१ चं ‘क्रूस उभारताना’ हे चित्र अजून तिथेच आहे. ते करून घेणाऱ्या धर्माधिकाऱ्याने मोबदल्याखेरीज गावची प्रसिद्ध वॉफल्स पाठवली आणि चित्रकाराने पत्राने आभार मानले, अशीही एक गोड हकिकत आहे.

पुढच्या वर्षी तो लंडनला गेला. चार्ल्सने ५ जुलै १६३२ रोजी त्याला ‘सर’ केलं, सोन्याची साखळी दिली, वर्षाला २०० पौंड वेतन ठरवलं आणि टेम्स नदीकाठी ब्लॅकफ्रायर्स भागात घर दिलं. इंग्लंड प्रॉटेस्टंट देश होता. चर्चमध्ये मोठं वेदीचित्र लावणं म्हणजे पोपचा धर्म पुन्हा आत आणणं, अशी तिथल्या कित्येकांची समजूत होती. राणी हेनरिएटा मरिया फ्रान्सची कॅथलिक राजकन्या होती, दरबारात काही कॅथलिक सरदारही होते, त्यामुळे थोडीफार धर्मचित्रं होत राहिली. पण ज्या चित्रकाराने चार-पाच वर्षं एकामागून एक वेद्या सजवल्या, त्याला आता प्रामुख्याने चेहरेच रंगवायचे होते. माझं म्हणणं असं की वेदीसाठी कमावलेलं सगळं भांडवल त्याने या चेहऱ्यांवर लावलं.

त्याची कामाची रीत आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्याच्यासमोर अनेकदा बसलेल्या याबाख या कोलोनच्या सावकाराने ती सांगितली आणि फ्रेंच लेखक रोजे द पील याने १७०८ मध्ये छापली. एका माणसाला एका वेळी एकच तास. तास संपला की व्हॅन डाइक उठून नमस्कार करायचा आणि पुढची वेळ ठरवायचा. नोकर कुंचले धुऊन दुसरी रंगपाटी तयार ठेवायचा, तोवर पुढचा माणूस हजर. चेहरा स्वतः रंगवून झाला की करड्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने पाव तासात उभं राहण्याची ढब आणि कपडे रेखाटायचा. त्या माणसाकडून मागवलेल्या कपड्यांवरून सहायक पोशाख रंगवायचे, मग तो स्वतः हात फिरवून त्यात जीव आणायचा. हातांसाठी त्याने पगारी माणसं ठेवली होती, पुरुष आणि स्त्रिया.

हातांची ही गोष्ट महत्त्वाची आहे. लंडनमधल्या त्याच्या चित्रांत सरदार कुणीही असो, बोटं लांब, निमुळती आणि निवांत असतात. अनेक समीक्षकांनी याला साचा म्हटलं, खुशामत म्हटलं. मला ते हात ओळखीचे वाटतात. संत कॅथरीनचे, हेरमान योसेफचे, मरियेचे तेच हात. चेहरा आणि डोळे समोर बसलेल्या माणसाचे, हात मात्र चित्रकाराने वर्षानुवर्षं संतांसाठी घडवलेले. गर्विष्ठ चेहऱ्याखाली असा हळुवार हात आला की त्या माणसात एक दुखरेपण उतरतं, आणि व्हॅन डाइकच्या सरदारांकडे पाहताना आपल्याला त्यांच्याविषयी जी अकारण माया वाटते तिचं मूळ मला इथे दिसतं.

खुशामतीचा आरोप सरसकट फेटाळता येणार नाही. चार्ल्सची भाची राजकन्या सोफिया हिने लहानपणी राणी हेनरिएटा मरियाला प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा ती चकित झाली. चित्रांवरून तिला राणी अतिशय सुंदर वाटली होती, समोर आली ती लांब सुकलेल्या हातांची, दात पुढे आलेली ठेंगणी बाई. आठवणींत सोफियाने हे लिहिलंच आहे. राजाही उंचीने कमी होता. व्हॅन डाइकने त्याला एकदा साडेतीन मीटरहून उंच कॅनव्हासवर घोड्यावर बसवलं, तर लूव्रमधल्या १६३५ च्या सुमाराच्या चित्रात घोड्यावरून उतरवून शिकारीच्या साध्या वेषात उभं केलं. तिथे ना मुकुट ना राजदंड. मागे घोडा मान वाकवून उभा आहे आणि झाडाची फांदी राजावर छत्रासारखी आली आहे. हा घोडा अभ्यासकांना तिशियनच्या एका धर्मचित्रातल्या घोड्याची आठवण करून देतो. पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष बाळ येशूपुढे नमतात तेव्हा तिथला घोडाही असाच वाकतो. प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या राजाभोवती कॅथलिक वेदीचित्राचं पावित्र्य असं गुपचूप येऊन बसलं. या चित्राचे चित्रकाराने २०० पौंड मागितले होते, राजाने हिशेबात ते १०० केले.

दरबारातल्या चित्रांत एक आपल्याकडचा धागाही आहे. विल्यम फील्डिंग हा डेन्बीचा अर्ल १६३१ ते १६३३ या काळात इराण आणि हिंदुस्थानचा प्रवास करून आला. शहाजहानचा तो काळ. परतल्यावर त्याने व्हॅन डाइककडून चित्र काढून घेतलं, तेही हिंदुस्थानी धाटणीचा गुलाबी रेशमी सदरा-पायजमा घालून. हातात बंदूक, मागे नारळांनी लगडलेलं झाड, शेजारी पागोटं बांधलेला एक हिंदुस्थानी मुलगा झाडावरच्या पोपटाकडे बोट दाखवतो आहे. अर्ल थबकून, तोंड किंचित उघडं ठेवून, त्या दिशेला पाहतो. नॅशनल गॅलरीत हे चित्र अर्लच्या नावाने लागलं आहे, पण पोपट कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस चित्रात एकच आहे, आणि तो हा मुलगा.

व्यक्तिचित्र आणि धर्मचित्र यांच्यातली रेघ सर्वांत पुसट झाली ती १६३३ च्या मे महिन्यात. सर केनेल्म डिग्बी हा त्याचा जवळचा मित्र. त्याची तरुण पत्नी व्हेनेशिया रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. डिग्बीने व्हॅन डाइकला बोलावलं आणि त्याने तिला मृत्युशय्येवरच रंगवलं. निळा पडदा, पांढरी टोपी, हाताला टेकलेलं डोकं, चादरीवर पाकळ्या गळत असलेला एक गुलाब. ख्रिस्ताचा निष्प्राण देह त्याने किती वेळा रंगवला होता! तोच अनुभव त्याला या पलंगापाशी उपयोगी पडला. चित्र डलिचमध्ये आहे, पालेर्मोच्या त्या राजप्रतिनिधीच्याच संग्रहालयात.

चार्ल्सचे तीन चेहरे, समोरून, एका बाजूने आणि तिरके, एकाच कॅनव्हासवर रंगवले ते रोमच्या बेर्निनी या शिल्पकारासाठी. त्यावरून त्याने राजाचा संगमरवरी अर्धपुतळा करावा, अशी योजना होती. पुतळा १६३७ मध्ये लंडनला आला आणि १६९८ मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याच्या आगीत नष्ट झाला. चित्र राहिलं. १६४९ मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला हे माहीत असल्यामुळे लोकांना या तीन चेहऱ्यांत हुतात्मा दिसतो. भविष्य कुणालाच दिसत नाही, चित्रकारालाही नाही. पण ख्रिस्ताच्या चेहऱ्यावरचं दुःख ज्याने इतकी वर्षं रंगवलं, त्याच्या कुंचल्यात ते विषण्णपण आधीपासूनच होतं.

९ डिसेंबर १६४१ रोजी ब्लॅकफ्रायर्सच्या घरी व्हॅन डाइक वारला. वय बेचाळीस. आठ दिवसांपूर्वीच त्याला मुलगी झाली होती. जुन्या संत पॉल कॅथीड्रलमध्ये त्याला पुरलं आणि १६६६ च्या आगीत ते थडगंही गेलं.

त्याच्या दोन्ही कलांचा हिशेब एकाच माणसाच्या निमित्ताने मांडायचा तर चेझारे आलेस्सांद्रो स्कालिया याचं नाव घ्यायला हवं. सव्हॉयचा हा मुत्सद्दी युरोपभर कारस्थानं आणि तह करून थकला आणि अखेरची वर्षं घालवायला अँटवर्पच्या फ्रान्सिस्कन मठाच्या आश्रयाला आला. १६३४-३५ मध्ये व्हॅन डाइक काही काळ मायदेशी होता, तेव्हा स्कालियाने त्याच्याकडून स्वतःचं व्यक्तिचित्र करून घेतलं, आणि जिथे आपल्याला पुरलं जाईल त्या चॅपेलसाठी ‘ख्रिस्तासाठी शोक’ हे चित्रही. व्यक्तिचित्र लंडनमध्ये आहे. खांबाला रेललेला, काळ्या रेशमात गुंडाळलेला माणूस, डोळ्यांत खूप काही पाहिल्याचा शीण, आणि तेच लांब, रिते हात. दुसरं चित्र अँटवर्पच्या संग्रहालयात आहे, बुटकं आणि आडवं. ख्रिस्ताचा देह मरियेच्या मांडीवर लांबवर पसरला आहे, मरियेने दोन्ही हात फाकले आहेत, आणि शिष्य योहान ख्रिस्ताचा हात उचलून रडणाऱ्या देवदूतांना खिळ्याची जखम दाखवतो आहे. स्कालिया २१ मे १६४१ रोजी वारला, व्हॅन डाइकच्या साडेसहा महिने आधी. एकाच माणसाने, एकाच चित्रकाराकडून, साधारण एकाच वेळी मागवलेली ही दोन चित्रं शेजारी लावून पाहावीत. मग योहानाने उचललेला तो निष्प्राण हात आणि खांबाशेजारच्या मुत्सद्द्याचा हात यांची बोटं एकेक करून ताडून पाहता येतात.